उतारावरचे तीस सापळे

कूम्बली, ब्रिस्टलजवळ
२४ सप्टेंबर १९८६

ती. आत्या,

परवा सकाळी जंगलातल्या सतराव्या सापळ्यात सापडला तो पिवळ्या गळ्याचाच उंदीर होता, हे काल युनिव्हर्सिटीतल्या डॉ. हार्करनी स्वतः ब्रिस्टलहून येऊन मान्य केलं. त्यांनी तो पिशवीत उलटा-सुलटा करून पाहिला, गळ्यावरचा पिवळा पट्टा एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत सलग आहे याची खात्री केली आणि म्हणाले, "वेल, वेल." डॉ. हार्करांच्या तोंडून दोनदा 'वेल' म्हणजे आपल्याकडची जरीची शाल समजा.

तुम्ही विचारलं होतंत की, मी नक्की करते काय? बाबांना विचारू नका. लंडनला जाताना मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत कुणी ओळखीचं भेटलं की ते सांगतात, "वीणा एन्व्हायरन्मेंटमध्ये आहे." उंदीर हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नाही.

तर ऐका. कूम्बली गावाच्या वर एक जुनं जंगल आहे, ओक आणि हेझलचं. त्याच्या खाली उतार आहे, सगळा काटेरी गॉर्सनं भरलेला. कमरेएवढी झुडपं, पिवळी फुलं, आत शिरलात तर कपडे फाटलेच. जंगलाला कुणी हात लावणार नाही, ते एका ट्रस्टचं आहे. उतार मात्र कौन्सिलचा आहे आणि कौन्सिलला तिथं नव्या स्विमिंग पूलसाठी कार पार्क करायचा आहे. त्यांचं म्हणणं, ही नुसती झुडपं, यात राहतं कोण? डॉ. हार्कर म्हणाले, मोजून सांगतो. आणि मोजायला मला ठेवलं.

माझ्याकडे साठ सापळे आहेत, तीस जंगलात आणि तीस उतारावर. ॲल्युमिनियमचे असतात. एक बोगदा आणि त्याला जोडलेली डबी. डबीत सुकं गवत, ओट्स, आणि चिचुंद्रीसाठी माशीचे कोश, कारण तिला दोन-तीन तास खायला मिळालं नाही तर ती मरते. प्राणी आत गेला की दार पडतं. तो आत खातो, गवतात झोपतो. सकाळी सहाला आणि संध्याकाळी मी जाते, त्याला पिशवीत घेते, वजन करते, पाठीवरचे चार केस कापून खूण करते आणि सोडून देते. कुणालाही मारत नाही, हे आईला जरूर सांगा.

चार दिवसांत उतारावर एकेचाळीस वेगवेगळे प्राणी मिळाले, जंगलात अडतीस. म्हणजे 'नुसत्या झुडपांत' जंगलापेक्षा जास्त वस्ती! पण एक मोजणी पुरत नाही. दुसरी ऑक्टोबरच्या मध्यावर आहे. एकतीस तारखेला मी रिपोर्ट द्यायचा आणि अकरा नोव्हेंबरला कौन्सिलची कमिटी ठरवणार. माझ्या एकटीच्या सहीचा हा पहिला रिपोर्ट. दुसऱ्या वेळी आकडे पडले तर उतारावर डांबर पडेल.

दसऱ्याला इकडे या ना. जुलैत रिटायर झाल्यापासून तुम्ही नॉटिंगहॅमबाहेर पडला नाहीत. मी राहते त्या मिसेस टकरच्या कॉटेजमध्ये जागा आहे. फक्त फोन नाही, तेव्हा पत्रानंच कळवा.

तुमची वीणा


नॉटिंगहॅम
३० सप्टेंबर १९८६

चि. वीणा,

येते. शुक्रवारी, दहा तारखेला, दुपारच्या गाडीनं. स्टेशनवर येऊ नकोस, मी बस शोधते. तेवीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली, एक बस सापडेल मला.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा स्वतःशी, एकदा शेजारच्या मिसेस ॲबटना इंग्रजीत करून आणि एकदा फोनवर मोहनला, मुद्दाम. 'उंदीर' शब्द आला की मी जरा थांबत होते. तो म्हणाला, "अगं हळू बोल, लाइनवर कुणी ऐकेल." मी म्हटलं, मोहन, तुझी मुलगी सकाळी सहाला उठते. याआधी तिला उठवायला तुझ्या घरात तीन घड्याळं लागायची. उंदरांचे आभार मान.

माझं विचारशील तर बरं चाललंय. पण एक सांगते, कुणाला बोलू नकोस. रिटायर झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी सगळं घर धुतलं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा. आता या घरात स्वच्छ करण्यासारखं काही उरलेलं नाही. परवा मी बागेतली फावडी उकळत्या पाण्यात घातली आणि मग एकटीच हसत बसले.

दसऱ्याची बरी आठवण केलीस. शनिवारी खंडेनवमी. थिएटरमध्ये दर वर्षी त्या दिवशी मी माझ्या लॉकरमधल्या कात्रीला हळदकुंकू लावायची. सर्जन मिस्टर फेल्प्सनी एकदा पाहिलं. काय आहे विचारलं, मी सांगितलं, आमच्याकडे आज हत्यारांना मान देतात. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःचं पेन आणून दिलं, "सिस्टर, याचंही करा." तर यंदा माझी हत्यारं संपली, तुझी असतील. झेंडू मिळतो का तिथं? नसेल तर मी इथल्या गार्डन सेंटरमधून आणते.

टिटॅनसचं इंजेक्शन घेतलंयस ना? हो किंवा नाही, एवढंच लिही.

तुझी
सुप्रभाआत्या


कूम्बली
२० ऑक्टोबर १९८६

ती. आत्या,

हो. (टिटॅनस. तुम्ही इथं असताना चार वेळा विचारलंत, आता लेखी.)

दसऱ्याचं अजून मिसेस टकरच्या डोक्यातून जात नाही. मी त्या शनिवारी डॉ. हार्करांच्या मीटिंगहून परत आले आणि पाहते तर तिच्या किचन टेबलावर उतारावरचे तीसच्या तीस सापळे ओळीनं, आरशासारखे चकचकीत, प्रत्येकावर कुंकवाचं बोट आणि एकेक झेंडू! मिसेस टकर हात जोडून उभी आणि तुम्ही तिला सांगताय, "नाऊ यू आस्क देम टु वर्क वेल." परवा पोस्टात ती कुणाला तरी सांगत होती, वीणाच्या आंटनं ट्रॅप्सचा बाप्तिस्मा केला. बरं झालं, जंगलातले तीस तिथल्या वॉर्डनच्या खोलीत कुलपात होते. नाहीतर झेंडू पुरले नसते. सर्दीसाठी तुम्ही दिलेला काढा दोन दिवस घेतला. नाक अजून चोंदलेलंच आहे, पण घसा सुटला.

आता वाईट बातमी. दुसरी मोजणी झाली, चौदा ते अठरा. जंगलात छत्तीस. उतारावर तीन.

तीन, आत्या. तीस सापळे, चार दिवस, तीन प्राणी. पहिल्या सकाळी मला वाटलं दारं अडकली असतील. एकेक उघडून पाहिलं, सगळी सुरीसारखी चालत होती. दुसऱ्या सकाळी एक म्हातारी व्होल, म्हणजे आखूड शेपटीची रानउंदरीण, तीही अर्धी शेपूट गेलेली, सापळ्यात बसून निवांत ओट्स खात होती. तिसऱ्या सकाळी काही नाही. तीस वेळा गुडघ्यावर बसायचं, काट्यांतून हात घालायचा आणि रिकामी डबी बाहेर काढायची, याला फार वेळ लागतो, असं मला पहिल्यांदाच जाणवलं.

माझा एक अंदाज आहे. सतराला कोजागरी होती. चांदणं लख्ख असलं की उंदीर उघड्यावर फिरत नाहीत, घुबडाला दिसतात म्हणून. जंगलात झाडांची सावली असते, उतारावर नाही. डॉ. हार्कर म्हणतात, असेल, पण एकेचाळिसाचे तीन होण्याइतकं चांदणं त्यांनी पाहिलेलं नाही. त्यांच्या मते शरद ऋतूत सगळे ओकच्या बियांसाठी वर जंगलात जात असावेत. म्हणजे कौन्सिलचं म्हणणं अर्धं खरं.

जे मोजलं ते लिहायचं, एवढंच आता. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

तुमची वीणा


नॉटिंगहॅम
२४ ऑक्टोबर १९८६

चि. वीणा,

कोजागरीच असणार. इथंसुद्धा इतकं चांदणं होतं की मिसेस ॲबटचं मांजर बाहेर पडलं नाही. हार्करसाहेबांनी सगळी चांदणी थोडीच मोजली आहेत.

तू मनाला लावून घेऊ नकोस. आकडे आपल्या मनासारखे येत नाहीत. पेशंटचं टेंपरेचरही येत नसे.

एक सहज विचारते. मी इथल्या लायब्ररीत जाऊ लागले आहे. तुझ्या विषयाचं एक जाडं पुस्तक होतं, पण ते कुणीतरी नेलेलं आहे, दोन आठवडे लागतील म्हणाले. उंदरांना वास कितपत येतो गं? म्हणजे आपल्याइतका की जास्त? आणि जंगलातल्या सापळ्यांना तू कधी धुतेस? की तसेच ठेवतेस? काही विशेष नाही, आपली उत्सुकता. रिकामा वेळ असला की माणसाला काहीही सुचतं.

चिवडा वेगळ्या पार्सलनं पाठवला आहे. दिवाळी शनिवारी आहे, विसरू नकोस. हॅरोला मोहनकडे जाणार आहेस की तिथंच?

रिपोर्ट एकतीसलाच द्यायचा का? दोन दिवस इकडे तिकडे होत नाही?

तुझी
आत्या


कूम्बली
२८ ऑक्टोबर १९८६

ती. आत्या,

तुमचे प्रश्न वाचून मी मिसेस टकरला म्हटलं, आता आत्या माझी जागा घेणार. डॉ. हार्करांचा एक विद्यार्थी तीन वर्षांत इतकं नेमकं विचारू शकलेला नाही!

उंदरांना वास? आत्या, त्यांचं सगळं जगच वासाचं. डोळे कामापुरते. ज्या सापळ्यात आधी एखादा उंदीर राहून गेला आहे, त्यात दुसरा जास्त विश्वासानं शिरतो. जणू दारावर पाटी असते, 'इथं मी राहिलो, जेवण बरं होतं.' म्हणून आम्ही सापळे घासत नाही. मोजणी संपली की नुसत्या पाण्यात खळबळून घेतो, तेही गवत चिकटलं असेल तर. परका, उग्र वास असेल तर ते बोगद्याच्या तोंडाशी येऊन मागे फिरतात. पण तुम्ही गरम पाण्यानं धुतलेत त्यानं काही बिघडलं नसेल, उगाच काळजी करू नका. पाण्याचा काय वास येणार!

दिवाळीला हॅरोला जाते, शनिवारी सकाळच्या गाडीनं. रिपोर्ट टाइप झाला आहे, शुक्रवारी दुपारी डॉ. हार्करांच्या टेबलावर ठेवायचा. दोन दिवस इकडे तिकडे होत नाही. उताराबद्दल मी लिहिलं आहे, 'शरद ऋतूत प्राण्यांचा वापर नगण्य.' नगण्य या शब्दापाशी मी एक पूर्ण संध्याकाळ बसले. दुसरा शब्द मिळाला नाही.

काल संध्याकाळी उतारावर सहज गेले होते. गॉर्सला अजून फुलं आहेत. इथले लोक म्हणतात ते खरं, हे झुडूप कधीच पूर्ण थांबत नाही. कार पार्कमध्ये एकशेवीस गाड्या मावणार आहेत म्हणे.

चिवडा पोचला. मिसेस टकर चमच्यानं खाते.

तुमची वीणा


नॉटिंगहॅम
२९ ऑक्टोबर १९८६, सकाळी अकरा

वीणा,

हे पत्र उभ्यानं लिहिते आहे. बाराची पोस्ट गाठायची आहे. फर्स्ट क्लासनं उद्या तुला मिळेल. मिळालं की रिपोर्ट देऊ नकोस.

ते नुसतं गरम पाणी नव्हतं.

तू शनिवारी ब्रिस्टलला गेलीस, मी सापळे बाथरूममध्ये नेले. आत उंदरांची घाण, शिळे ओट्स, ते माशीचे कोश. अशा हत्यारांना कुंकू लावायचं माझ्या हातून झालं नाही. मिसेस टकर मोऱ्यांत टाकते ते पाइनच्या वासाचं जंतुनाशक होतं. अर्धी बाटली टबात ओतली. प्रत्येक सापळा उघडून, ब्रशनं कोपरे घासून, दोनदा. वाळल्यावर आतून-बाहेरून सर्जिकल स्पिरिटनं पुसला. माझ्या पर्समध्ये असते बाटली. थिएटरमध्ये गेले असते ते सापळे, वीणा. पोट उघडून आत ठेवले असते तरी इन्फेक्शन झालं नसतं.

तू आल्यावर विचारलंस, कशानं धुतलेत? मी म्हटलं, गरम पाण्यानं. मिसेस टकरची बाटली न विचारता संपवली होती, तिच्या टबाला हिरवा रंग चढला होता, म्हणून तेवढंच सांगितलं. तुला सर्दी होती, तुला वास आला नाही. ही लपवाछपवी तिथंच संपली असती. पण वीस तारखेचं पत्र आलं आणि 'तीन' वाचलं, तेव्हाच माझ्या मनात आलं. तरी मी तुला कोजागरीचं लिहिलं, आणि प्रश्न विचारले असे की तूच मला सांगावंस माझी चूक नाही. तेवीस वर्षांत माझ्या हातची एक कात्री कुणी परत पाठवली नाही. त्याचा फार अभिमान आहे मला. त्यापायी पाच दिवस घालवले.

तुझ्या उतारावर प्राणी आहेत. माझ्यामुळे ते आत शिरले नाहीत.

सोबत इंग्रजीत एक कागद जोडला आहे. थिएटरमध्ये काही चुकलं की आम्ही इन्सिडेंट फॉर्म भरायचो, कोण, काय, कधी, किती, आणि खाली सही. तसाच लिहिला आहे. तो हार्करसाहेबांना दे. त्यात तुझं नाव 'गैरहजर' या रकान्यात आहे, कारण तू होतीसच गैरहजर. बोलणी खायची ती मी खाईन.

आत्या


कूम्बली
२ नोव्हेंबर १९८६

ती. आत्या,

दिवाळीच्या शुभेच्छा. मी हॅरोला गेले नाही, रिपोर्ट पुन्हा मांडत बसले. का ते सांगते.

तुमचं पत्र गुरुवारी सकाळी आलं. वाचलं आणि अर्धा तास मी तुमच्यावर इतकी चिडले की मिसेस टकरनं विचारलं, इंडियात कुणी गेलं का? मग शेडमध्ये जाऊन एक सापळा उघडला आणि नाक आत घातलं. सर्दी आता गेली आहे. आत्या, तीन आठवडे झाले, चार दिवस तो उघड्यावर होता, तरी असा वास, जणू मोठ्या ऑपरेशनला माझीच पाळी आहे. मला हसू आलं. मग थांबेना. उंदरांचा तरी काय दोष, मीही शिरले नसते. त्या अर्ध्या शेपटीच्या म्हातारीचं मात्र कौतुक वाटलं. बहुतेक तिचं नाकही गेलेलं असणार.

चूक माझीही आहे. सापळे माझे, वास घेऊन पाहणं माझं काम. 'सर्दी होती' हे रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही.

दुपारी डॉ. हार्करांना फॉर्म दिला. त्यांनी तो उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. 'जंतुनाशक, अर्धी बाटली; स्पिरिट, सुमारे दीडशे मिलिलिटर; हेतू, धार्मिक आणि आरोग्यविषयक' इथं ते थांबले. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "मला वीस वर्षांत कुणी इतकं स्पष्ट सांगितलेलं नाही की आपण काय बिघडवलं." मग लगेच कौन्सिलच्या मिस्टर डॉसनना फोन लावला. डॉसन म्हणजे ज्यांनी कार पार्कचा नकाशा काढला ते. ते म्हणाले, तिसरी मोजणी करा, पण दहा तारखेच्या दुपारी बारानंतर आलेला कागद कमिटीपुढे जाणार नाही.

नवे सापळे नाहीत, डिपार्टमेंटचे बाकीचे स्कॉटलंडला गेलेत. पण डॉ. हार्करांनी एक युक्ती काढली आहे. जंगलातले न धुतलेले तीस उतारावर लावायचे आणि तुमचे निर्जंतुक तीस जंगलात. उतारावर प्राणी मिळाले आणि जंगलात मिळाले नाहीत, तर दोष कुणाचा हे सगळ्यांना दिसेल. दोन्हीकडे मिळाले नाहीत, तर मग नगण्य शब्द राहील, आणि मी तो मान्य करेन.

गावात बुधवारी बॉनफायर आहे, इकडची होळी, फटाके उडणार. म्हणून गुरुवारी लावायचे, सोमवारी सकाळी शेवटचे उघडायचे. दिवस लहान झालाय, एकटीनं साठ सापळे अंधार पडायच्या आत होत नाहीत. डॉ. हार्करांना गुरुवार-शुक्रवार लेक्चर्स आहेत. मला स्थिर हातांचं दुसरं माणूस हवंय.

याल का? साबण आणू नका. साधाही नाही.

तुमची वीणा

ता. क. मिसेस टकरला टबाचं सांगितलं. ती म्हणाली, तो हिरवा रंग तिच्या नवऱ्याच्या वेळेपासून आहे.


कूम्बली
१२ नोव्हेंबर १९८६

ती. आत्या,

सोमवारी तुम्ही आकडे घेऊनच गाडीत बसलात, पण कालचं तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सविस्तर लिहिते. तुम्हाला फोनवर थोडक्यात सांगू का असं बाबांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं, हे माझ्याच हातचं असू दे.

कमिटी संध्याकाळी साडेसातला बसली. नऊ जण. मला दहा मिनिटं दिली होती. बाबा-आई हॅरोहून आले होते, मला न सांगता, मागच्या रांगेत. आई काठाची साडी नेसून.

मी तिन्ही मोजण्या वाचल्या. उतार: सप्टेंबरात एकेचाळीस, ऑक्टोबरात तीन, नोव्हेंबरात चौतीस. जंगल: अडतीस, छत्तीस, पाच. मिस्टर डॉसन उठले आणि म्हणाले, "म्हणजे ऑक्टोबरचा आकडा तुम्हाला नको होता, म्हणून पुन्हा मोजलंत." बरोबर होतं त्यांचं, कुणीही हेच विचारेल. मी म्हटलं, ऑक्टोबरचा आकडा मी काढलेला नाही, तो रिपोर्टमध्ये आहे, आणि त्याचं कारण मी वाचून दाखवते. मग तुमचा फॉर्म वाचला. कोण, काय, कधी, किती.

'धार्मिक आणि आरोग्यविषयक'ला सगळे हसले. कुंकवाचं आलं तेव्हा चेअरवुमन मिसेस लव्हेलनी थांबवून विचारलं, "प्रत्येक ट्रॅपला फूल?" मी म्हटलं, प्रत्येकाला. डॉसन म्हणाले, हे विषयाला धरून नाही. मिसेस लव्हेल म्हणाल्या, "मिस्टर डॉसन, या कमिटीपुढे मी अकरा वर्षं रिपोर्ट वाचते आहे. आपल्या हातून काय बिघडलं ते मिलिलिटरसकट लिहिणारं हे पहिलंच माणूस. त्यांचे बाकीचे आकडे मी खरे धरते."

मतदान झालं. पाच विरुद्ध चार. उतार राहिला, आत्या! कार पार्क आता बस गॅरेजमागच्या जुन्या डेपोच्या जागी करायचा, असं ठरलं. अट एकच, दर वर्षी वसंतात आणि शरदात मोजणी व्हावी आणि कौन्सिलचा माणूस हजर असावा. तो माणूस म्हणून मिसेस लव्हेलनी डॉसनचंच नाव घातलं.

बाहेर आल्यावर कार पार्कमध्येच (दुसऱ्या) बाबा डॉ. हार्करांना म्हणाले, "माय डॉटर कॅचेस माइस." मोठ्यानं. आजूबाजूच्या चार माणसांनी वळून पाहिलं. मग त्यांनी मला विचारलं, पिवळ्या गळ्याचा उंदीर उतारावरही मिळाला का? मी म्हटलं, हो, शनिवारी, आत्याच्या हातात. तुम्ही त्याला धरलंत तसं मला अजून जमत नाही. मी धरते तेव्हा ते धडपडतात, तुमच्या हातात तो असा बसला जणू ॲडमिट झालाय.

डॉ. हार्कर तुम्हाला वेगळं लिहिणार आहेत. काय, ते मला सांगत नाहीत.

तुमची वीणा


नॉटिंगहॅम
१७ नोव्हेंबर १९८६

चि. वीणा,

पाच विरुद्ध चार! तुझं पत्र वाचून मी मिसेस ॲबटचं दार वाजवलं. तिला काही कळलं नाही, पण तिनं शेरीची बाटली काढली.

त्या फॉर्मवर लोक हसले याचं मला वाईट वाटलं नाही. थिएटरमध्ये फॉर्म वाचून कधी कुणी हसलं नाही, तिथं हसण्यासारखं नसायचं. एखादी चूक अशी हसून संपते, हे मला साठाव्या वर्षी कळतंय.

हार्करसाहेबांचं पत्र आलं. त्यांच्या विद्यार्थ्यांना प्राणी धरायला शिकवायचं आहे, त्यांच्या हातांत फार प्राणी घाबरतात म्हणे. मी येईन का, एप्रिलच्या मोजणीला, आणि त्यानंतर दर वेळी? तीन दिवस विचार करते असं कळवायला बसले होते. पण तेच कार्ड फाडून दुसऱ्यावर 'हो' लिहिलं आणि पोस्टात टाकून आले. दोन अटी घातल्या. विद्यार्थ्यांनी नखं कापून यायचं. आणि प्राण्याशी आधी बोलायचं, मग हात लावायचा. भाषा कुठलीही चालेल.

तू मोजणीच्या वेळी म्हणाली होतीस, वसंतात आकडे नेहमीच कमी असतात, हिवाळ्यात बरेच मरतात. हे डॉसनना आत्ताच लेखी कळवून ठेव, नाहीतर एप्रिलमध्ये ते पुन्हा नकाशा काढतील. मी त्यांना वेगळी चिठ्ठी पाठवली आहे, की रबरी बूट आणा, चांगली पँट घालू नका आणि टिटॅनसचं घेऊन या. उत्तर आलं. टिटॅनसचं ते मार्चमध्ये घेणार आहेत.

सोमवार, सहा एप्रिल. सव्वासहाला त्यांना उताराच्या खालच्या फाटकापाशी उभं राहायला सांगितलं आहे. पहिला सापळा त्यांनाच उघडू द्यायचा आणि पिशवीही त्यांच्याच हातात द्यायची. ते थरथरतील, प्राणी चावेल, ते ओरडतील. ओरडू दे. मी शेजारीच असेन.

तुझी
सुप्रभाआत्या